एकाच कळफलकावर मराठी आणि कन्नड

खानापूर तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"आम्ही जांबोटीकडच्या एका गावात राहतो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला. आमच्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब आणि सभेचा वृत्तान्त मी त्यावर लिहिते. पावसात लाईट सारखी जाते, लॅपटॉपची बॅटरी संपलेली, त्यामुळे लिहिलेलं जातं. मध्ये लॅपटॉप दुरुस्त करून आणला, तेव्हापासून मुलाने लिहून ठेवलेल्या मराठी फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मी मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप करते, ते गटातल्या बाकीच्या बायकांना वाचवत नाही. पंचायतीला कन्नडात अर्ज द्यायचा तर खानापूरला जाऊन, पैसे मोजून टाईप करून आणावा लागतो. कन्नड मला वाचता-लिहिता येतं की, टाईप तेवढं येत नाही. लॅपटॉप इतका हळू झालाय की चहा होऊन पिऊन झाला तरी सुरू होत नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू या. मुलाला रोज फोन करून विचारायला बरं वाटत नाही. काय करू?"

ताई, नमस्कार.

फॉरमॅटचं आधी सांगते, कारण तेवढी एकच गोष्ट घाईची आहे. आत्ता फॉरमॅट करू देऊ नका. त्यात डिस्क कोरी होते. गटाचा हिशेब, मुलाच्या फायली, फोटो, सगळं जातं. दुरुस्तीला एकदा देऊन आणल्यावर मराठी फायली वाचता येईनाशा झाल्या, यावरूनच मला वाटतं की त्या वेळी काहीतरी पुसलं गेलं असावं. सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय आता लॅपटॉप कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि हळू चालणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा फॉरमॅट लागतही नाही. ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मला ही वाटली: कन्नड वाचता-लिहिता येतं, टाईप तेवढं येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या या सगळ्या पट्ट्यात असे हजारो लोक आहेत. घरात मराठी, शाळेत दोन्ही, कचेरीत कन्नड, आणि कॉम्प्युटरसमोर बसलं की दोन्ही भाषा सोडून इंग्रजी अक्षरं. खरं तर दोन्ही लिप्या टाईप करायची सोय तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे, तीही फुकट. नुसती चालू करायची राहिली आहे.

स्टार्ट उघडा, त्यातलं सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज. तिथे 'ॲड अ लँग्वेज' असं बटण आहे. ते दाबून मराठी शोधा आणि घ्या. पुन्हा तेच करून कन्नड घ्या. थोडं नेट लागेल, मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. 'डिस्प्ले लँग्वेज' बदलू का असं विचारलं तर ती खूण काढून टाका, नाहीतर लॅपटॉपवरची सगळी नावं बदलतील आणि मी इथे सांगितलेलं शोधताना गोंधळ होईल. एवढं झालं की विंडोजची खिडकीचं चित्र असलेली कळ धरून स्पेसबार दाबायचा. दर वेळी भाषा बदलते: इंग्रजी, मराठी, कन्नड, परत इंग्रजी. सध्या कोणती चालू आहे ते खाली घड्याळाजवळ दिसतं.

आता कळफलक कोणता घ्यायचा? दोन पर्याय दिसतील. एक फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग टाकायचं आणि मशीन त्याचं मराठी करतं. हा विंडोज १० मध्ये २०१९ साली आला. पहिल्या दिवशी तो सोपा वाटतो, म्हणून बहुतेक लोक तोच घेतात. पण त्यात मनात आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं, आणि माणसांची व गावांची नावं तो स्वतःच्या अंदाजाने लिहितो. सभेच्या वृत्तान्तात नाव चुकलं तर कुणाला आवडेल?

दुसरा पर्याय इनस्क्रिप्ट. मी तुम्हाला हाच शिका म्हणेन, आणि आग्रहाने म्हणेन. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला हा कळफलक १९९१ सालच्या भारतीय मानकात दिला आहे. बसवणाऱ्यांनी तो आपल्या वर्णमालेवरूनच बसवला. कखगघ, तथदध हा क्रम देवनागरीत आहे तसाच कन्नडात आहे, त्यामुळे दोन्ही लिप्यांत त्याच अक्षराची कळ तीच ठेवता आली. के दाबलं की मराठीत क येतो. विंडोज आणि स्पेसबार दाबून कन्नड घेतलं आणि परत के दाबलं की कन्नड क येतो. प, र, त, म, न, ल, स, काना, वेलांटी, सगळ्यांचं असंच. म्हणजे बोटांना एकदा वळण लागलं की दोन भाषांचं टायपिंग आलं. आपल्या भागातल्या माणसाला याहून उपयोगी दुसरी सोय मला माहीत नाही, आणि तरी ती शाळेत, क्लासमध्ये फारशी कुणी सांगत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

मांडणी कशी आहे ते समजून घेतलं की पाठांतर कमी लागतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत एफवर पहिली वेलांटी, जीवर पहिला उकार. त्यांच्याच वरच्या कळांवर, आर आणि टीवर, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार. एसवर एक मात्रा, तिच्या वर डब्ल्यूवर दोन मात्रा. काना ईवर. उजवीकडे केवर क, तिच्या वर आयवर ग. एलवर त, तिच्या वर ओवर द. एचवर प, तिच्या वर वायवर ब. आणि शिफ्ट धरलं की त्याच कळांवर ख, घ, थ, ध, फ, भ येतात. ऱ्हस्वाच्या वर दीर्घ, क-त-पच्या वर ग-द-ब, आणि ह मिसळलेला उच्चार शिफ्टवर. शाळेत ज्याने बाराखडी घोकली त्याच्या हे चटकन लक्षात येतं.

'खानापूर' लिहून बघा. शिफ्ट धरून के, मग शिफ्ट सोडून ई, व्ही, ई, एच, टी, जे. आता भाषा कन्नड करा आणि त्याच कळा दाबा, फक्त टीच्या जागी जी घ्या, कारण कन्नडात पु ऱ्हस्व लिहितात. झालं, कन्नड खानापूर. कन्नडात ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आपल्यापेक्षा जास्तीचे आहेत, त्यांच्या कळा तेवढ्या वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतील.

जोडाक्षरासाठी डी लक्षात ठेवा. डीने अक्षराचा पाय मोडतो. स, डी, त केलं की स्त. कन्नडात हेच केलं की दुसरं अक्षर आपोआप खाली ओत्तक्षर होऊन बसतं. रफारही असाच, आधी र, मग डी, मग पुढचं अक्षर. एका ठिकाणी मात्र भले भले अडतात, ते म्हणजे 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' यांतला ऱ्य. साधा र घेतला तर 'शेतकर्यांना' असं रफाराचं चुकीचं रूप येतं. तिथे शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग य. तुमच्या अर्जांत शेतकरी वारंवार येणार, म्हणून हे आत्ताच बोटात बसवा.

कळांवर देवनागरी अक्षरं छापलेली नाहीत म्हणून घाबरू नका. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कळफलकाचं चित्र येतं आणि चालू भाषेतली अक्षरं त्यावर दिसतात. शिफ्ट दाबलं की शिफ्टची अक्षरं दिसतात. सुरुवातीला ते उघडं ठेवून लिहा. पहिले काही दिवस हात फार मंद चालेल आणि परत इंग्रजी अक्षरांकडे जावंसं वाटेल. त्या दिवसांत मोठं काही लिहायला घेऊ नका, गटातल्या बायकांची नावं आणि त्यांच्या गावांची नावं लिहा. रोजच्या ओळखीचे शब्द असले की बोटं लवकर रुळतात.

एक सावधगिरी हिशेबाच्या, म्हणजे एक्सेलसारख्या, तक्त्याबद्दल. नावं, तपशील मराठीत लिहा, पण आकडे इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंक टाकले तर अनेकदा तक्ता त्यांना आकडा न समजता अक्षर समजतो, आणि बेरजेत ते धरतच नाही. बचत गटाच्या बेरजेत पाचशे रुपये गळाले तर पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुलाच्या जुन्या फायली. त्या बिघडलेल्या नाहीत, धीर धरा. पूर्वी मराठी टाईप करायला जे फॉन्ट वापरत, त्यांत फाईलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत. फॉन्ट फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचा. फॉन्ट गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. दुरुस्तीत फॉन्ट पुसला गेला, मजकूर तसाच आहे. मुलाला एवढंच विचारा की त्या वेळी कोणता फॉन्ट वापरला होता. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, असं काहीतरी नाव तो सांगेल. त्याला आठवत नसेल तर वर्डमध्ये ती फाईल उघडून मजकुरावर क्लिक करा, वर फॉन्टच्या चौकोनात ते नाव बहुधा अजून लिहिलेलं असेल. तो फॉन्ट परत टाकला की मराठी जशीच्या तशी दिसेल.

पण तेवढ्यावर थांबू नका. त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली तेव्हापासून त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. मोबाईलवर तुम्ही मराठीत मेसेज पाठवता आणि तो समोरच्याला बरोबर दिसतो, तो त्यामुळेच. वर सांगितलेला मराठी आणि कन्नड कळफलक युनिकोडमध्येच लिहितो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. आपल्या फॉन्टचं नाव असलेला कन्व्हर्टर घ्यायचा, मजकूर टाकायचा, बदललेला मजकूर नव्या फाईलमध्ये ठेवायचा. मूळ फाईल मुळीच पुसायची नाही. बदलल्यावर ऱ, रफार, जोडाक्षरं आणि आकडे एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. बँक खात्याचे किंवा आधारचे नंबर असलेला मजकूर मात्र अनोळखी साईटवर टाकू नका, तेवढा हाताने लिहून काढलेला बरा.

कन्नडाच्या बाबतीतही हाच घोळ होतो. आपल्याकडच्या टायपिंग सेंटरांत नुडी हे सॉफ्टवेअर सर्रास वापरतात, आणि त्याचे जुने फॉन्ट याच पद्धतीचे आहेत. तिथून टाईप करून आणलेला अर्ज पेन ड्राइव्हवर घेतला आणि घरी उघडला की तीच अवस्था. म्हणून सेंटरवाल्याला सांगा, "युनिकोडमध्ये टाईप करून द्या," आणि सोबत पीडीएफही मागून घ्या. युनिकोडची फाईल असली की पुढच्या वेळी तारीख, विषय बदलून तोच अर्ज तुम्हाला घरी वापरता येतो. खानापूरची फेरी वाचली, दिवसही वाचला. पीडीएफ कशी करायची? वर्डमध्ये फाईल, मग सेव्ह ॲज, आणि खाली प्रकार पीडीएफ निवडायचा. प्रिंट काढायला नेहमी पीडीएफच न्या, म्हणजे दुकानातल्या मशीनवर मांडणी हलत नाही.

लाईटचं बघू. खानापूर-जांबोटीचा पाऊस काही आपल्या हातातला नाही, पण लिहिलेलं जाऊ न देणं आहे. फाईल उघडल्या उघडल्या, एक शब्दही लिहायच्या आधी, तिला नाव देऊन ठेवा. मग दर परिच्छेदानंतर कंट्रोल आणि एस. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'ऑटोरिकव्हर' दर १० मिनिटांनी ठेवलेलं असतं, ते १ मिनिट करा. तरीही लाईट गेली आणि फाईल दिसेना, तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स इथे शोधा, बऱ्याचदा तिथे सापडते. बॅटरी नवी घालून घ्या. लॅपटॉपवरचा हा सर्वांत आधी करण्यासारखा खर्च आहे. जुनी बॅटरी फुगून लॅपटॉपचं खालचं झाकण किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल तर मात्र तो चालू करू नका, आधी दुकानदाराकडून बॅटरी काढून घ्या, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि प्रत. गटाच्या हिशेबाच्या तीन प्रती असू द्या: एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर. घराबाहेरची सगळ्यात सोपी जागा म्हणजे गुगल ड्राइव्ह. जीमेलच्या खात्यासोबत १५ जीबी जागा फुकट मिळते, हिशेबाच्या आणि वृत्तान्ताच्या फायलींना ती कितीतरी वर्षं पुरेल. पेन ड्राइव्ह दोन घ्या. एक घरातल्या प्रतीचा, तो गावातल्या, खानापुरातल्या कुठल्याही मशीनला लावायचा नाही. दुसरा फक्त प्रिंटसाठी फिरवायचा, त्यात त्या दिवशी लागणारी पीडीएफ तेवढी ठेवायची. दुकानातल्या मशीनला रोज कितीतरी लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात, एकाचा व्हायरस सगळ्यांकडे जातो. फायलींच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की ओळखायचं. फायलीच्या नावात तारीख वर्षापासून लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे वर्षाच्या सगळ्या सभा आपोआप ओळीने लागतात, शोधावं लागत नाही.

दुकानातून व्हॉट्सॲपवर आधार पाठवून प्रिंट काढायची सवय असेल तर ती सोडा. पाठवायचंच असेल तर मास्क्ड आधार वापरा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून फाईल पुसायला सांगा, डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही. यात संकोच कसला, कागद तुमचा आहे.

लॅपटॉप हळू का? आधी एक साधी गोष्ट करून बघा. शट डाउन न करता रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना मशीन आतली बरीचशी अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तीच पुढे चालवतं. रोज बंद करूनही महिन्याभराचा साठलेला भार तसाच राहू शकतो. रीस्टार्टने तो खरोखर मोकळा होतो. आठवड्यातून एकदा तरी करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप म्हणून भाग आहे: लॅपटॉप सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम स्वतःहून उठतात याची ती यादी. मुलाचे गेम, गाण्यांचे, मीटिंगचे प्रोग्रॅम तिथे असतील. ज्यांचं नाव ओळखता येतं आणि जे तुम्हाला लागत नाहीत ते डिसेबल करा. ते पुसले जात नाहीत, फक्त आपणहून सुरू होत नाहीत. नाव अनोळखी असेल तर हात लावू नका.

त्याच खिडकीत परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक केलं की एचडीडी आहे की एसएसडी ते लिहिलेलं दिसतं. एचडीडी असेल आणि आकडा सारखा १०० टक्क्यांना चिकटलेला असेल तर दोष तिथेच आहे. एचडीडीमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये काही फिरत नाही, त्यामुळे जुन्या मशीनमध्येही एसएसडी घातली की फरक लगेच जाणवतो. दुकानदाराला विचारायचं ते हे: "फॉरमॅट राहू द्या, एसएसडी घालून जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवून द्याल का?" जुनी डिस्क परत मागून घ्या. ती तुमची आणखी एक प्रत झाली.

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमध्ये विंडोज १० की ११ तेही बघून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणं बंद झालं. घरगुती वापरणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत आहे, विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी दिसते. तुमचा लॅपटॉप ११ ला चालतो का ते मुलाला बघायला सांगा. चालत नसेल तर लिहिण्याचं काम त्यावर बिनधास्त करा, पण बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कधीतरी पडदा लाल होईल, भोंगा वाजेल आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं येईल. तो नंबर चोराचा असतो. फोन करू नका. ऑल्ट आणि एफ४ दाबून ती खिडकी बंद करा, नाही झाली तर सरळ लॅपटॉप बंद करा. स्वतःहून फोन करून "मी कंपनीतून बोलतोय, एक ॲप टाका" म्हणणाराही तोच, मग तो मराठीत बोलो, कन्नडात बोलो की हिंदीत. सरकारी कामासाठी साईट उघडताना पत्त्याचा शेवट बघायचा: कर्नाटक सरकारच्या सेवा 'डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन' अशा पत्त्यावर असतात. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी शोधलं की वर जाहिरात म्हणून येणाऱ्या साईटींवर आधार नंबर टाकू नका. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसायचं नाही. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तक्रार जितक्या लवकर पोचते, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. गटातल्या सगळ्या बायकांच्या मोबाईलमध्ये हा नंबर घालून ठेवा, पुढच्या सभेत बसल्या बसल्या होईल.

राहिला मुलाला फोन करण्याचा संकोच. रोज फोन करू नका, आठवडाभरात अडलेलं एका कागदावर लिहून ठेवा आणि रविवारी एकदम विचारा. फोनवर "वर डावीकडे दिसतंय का?" असं विचारण्यात अर्धा तास जातो, त्यापेक्षा विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबलं की उघडतं. मुलगा पुण्यातून त्याच्या मशीनवर एक कोड तयार करतो, फोनवर सांगतो, तुम्ही तो टाकून परवानगी दिली की तुमचा पडदा त्याला दिसतो. तो माऊस हलवत असेल तेव्हा नुसतं बघत राहू नका. "तू सांग, मी दाबते," असं म्हणा आणि माऊस आपल्याच हातात ठेवा. पहिल्या रविवारी त्याच्याकडून जुन्या फॉन्टचं नाव आणि गुगल ड्राइव्ह चालू करणं, ही दोन कामं करून घ्या. मराठी-कन्नड कळफलक मात्र त्याच्या आधी तुम्ही स्वतःच चालू करा. हा कोड फक्त तुम्ही स्वतः फोन लावलेल्या मुलाकडूनच घ्यायचा. समोरून फोन करून कुणी कोड सांगायला लागलं तर तो टाकायचा नाही.